समाधीखालचे पाणी

लातूर

सोमवार, ७ एप्रिल १९८६. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. पुण्याहून रात्रभर आलेल्या एसटीतून मी लातूरच्या स्थानकावर उतरले तेव्हा माझ्याजवळ कपड्यांची एक पिशवी आणि मापनयंत्राचा एक लाकडी खोका होता. खोक्याकडे पाहून हमालाने विचारले, "हार्मोनियम हाय का बाई?" मी नाही म्हटले. "मंग काय हाय?" जमिनीखाली पाणी कुठे आहे ते शोधण्याचे यंत्र आहे, असे मी सांगितले. त्याने खोका डोक्यावर घेतला आणि स्थानकाबाहेर येईपर्यंत दोन चहावाल्यांना आणि एका रिक्षावाल्याला सांगून टाकले की पुण्याची बाई आली आहे, तिच्याकडे हार्मोनियम आहे, पण ती कबूल करत नाही.

पुढचे काही आठवडे माझ्याविषयी असे तर्क चालूच राहिले. आणि न्यायाने सांगायचे तर माझेही इतरांविषयी चालू राहिले. ज्यांनी दुष्काळ वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांतच पाहिला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर भेगाळलेली जमीन येते. तिथे राहिल्यावर मला अधिक जाणवला तो संशय. कोण कोणाच्या विहिरीवर किती वेळ उभे आहे, टँकर आधी कोणत्या गल्लीत वळला, पाहुणा तोंड धुताना तांब्या पुरता रिकामा करतो का, यावर सगळ्यांची नजर असते.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षेही झाली नव्हती. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ताजा होता, कपाटे अजून सुतळीत बांधलेली होती, आणि कारकून बोलता बोलता "वर उस्मानाबादला विचारावं लागंल" असे म्हणून जीभ चावत. माझ्या वरिष्ठांनी माझ्याकडे, मग खोक्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिले.

"सोबत कोणी आलं नाही का?"

"यंत्र आलंय," मी म्हटले.

काम स्पष्ट होते. टंचाईच्या गावांत पिण्याच्या पाण्याच्या बोअरसाठी मी जागा शोधायची आणि मी खूण केली तिथे खोदाईची गाडी लागायची. नेमणूक तात्पुरती होती. ती कायम व्हावी अशी माझी इच्छा होती, आणि त्यासाठी माझ्या खुणांवर पाणी लागणे आवश्यक होते. यात लपवण्यासारखे काही नाही.

माझ्या वाट्याच्या गावांत जळकोटपलीकडची एक वाडी होती. ते माझ्या वडिलांचे गाव. मी तिथे त्यापूर्वी कधी गेले नव्हते. बाबा आठ वर्षांचे असताना, निजामी राजवटीच्या शेवटच्या धामधुमीत, घर सीमेपलीकडे बार्शीला पळून गेले. पुढे सगळे गावी परतले, बाबांना मात्र शिकायला सोलापूरला नातेवाइकांकडे ठेवले. त्यांची आई आधीच वारली होती. त्यांना अंगाखांद्यावर वाढवले ते थोरल्या बहिणीने, गंगव्वाने. ती त्याच वर्षी गेल्याचा निरोप सोलापूरला आला. बाबा सुट्टीत गावी गेले तेव्हा शेतात तिची समाधी बांधून झाली होती. निघण्यापूर्वी मी सोलापूरला घरी गेले तेव्हा ते एवढेच म्हणाले होते, "गंगव्वाला बेल वाहून ये."

रेणापूरकडे

जीप सरकारी होती, पण तिचा स्वभाव चालक गफूरभाईंना एकट्यांनाच ठाऊक होता. ते उदगीरचे, पन्नाशीचे, आणि आपल्या दखनी बोलीत गाडीशी सतत भांडणारे. रेणापूरच्या अलीकडे रेडिएटर उकळू लागला. रस्त्याकडेच्या घरासमोर एक म्हातारी निवडण करत बसली होती. गफूरभाईंनी डबा पुढे केला.

"माणसाला दीन, जीपला न्हाई," म्हातारी म्हणाली. "जीप काय मला दुवा देणार हाय?"

"अम्मा, जीप नहीं चली तो बोअर कैसा होना?"

"बोअर व्हईल तवा तिचं पाणी पाज तिला."

मग तिने आम्हा दोघांना गुळाचा चहा दिला, कपबश्या विसळल्या, भांडी घासली, आणि ते सगळे पाणी फडक्यातून गाळून जीपसाठी दिले. पुढच्या चढावर गफूरभाई म्हणाले, "मॅडम, इंजन में से पिठले की बास आरी." खरोखरच येत होती.

खुंट्यांची अडचण मला रेणापूर परिसरातच कळली. माझी पद्धत साधी आहे. एका ओळीत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या, बाहेरच्या दोन खुंट्यांना तारा जोडून जमिनीत वीज सोडायची आणि जमीन तिला किती अडवते ते आतल्या दोन खुंट्यांवर मोजायचे. खुंट्या जवळ असतील तर वरच्या मातीचा अंदाज येतो. अंतर वाढवत नेले की खोलचा. ओली, भेगाळ जमीन विजेला कमी अडवते. घट्ट मुरूम आणि काळा खडक जास्त. पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने शेतात ठोकलेल्या खुंटीचा अर्थ एकच: जमीन जाणार. आम्ही भाकरी खायला बसलो तेवढ्यात कोणीतरी सगळ्या खुंट्या उपटून बांधावर नीट रचून ठेवल्या.

"नवा जिल्हा झाला, आता रस्ता रुंद करायचा असंल," शेतमालक मला समजावत म्हणाला. "करा, पण त्या अंगानं करा. माझ्या भावाचं रान हाय तिकडं."

जळकोटपलीकडची वाडी

बाबांच्या थोरल्या भावाला कानडी वळणाने 'दोड्डप्पा' म्हणायचे, हे बाबांनी मला बजावले होते. दोड्डप्पा म्हणजे बसवणप्पा: साठीचे, उंच, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि बोलण्यापूर्वी समोरच्याला पुरते पाहून घेण्याची सवय. काकू दारातच थांबल्या होत्या. या भागात पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी देतात. पुण्यात आपण दाराशी चपला काढतो आणि तेवढ्यावर भागवतो. काकूंनी ओले फडके पुढे केले.

"पाय धुवायला पाणी देत न्हाई माय, वल्लं फडकं देते. राग नगं मानू."

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि खपली गव्हाची हुग्गी होती. गुळाची ही दाट खीर आमच्या लिंगायत घरांत सणाला होते. त्या टंचाईत माझ्यासाठी ती शिजवली होती. जेवताना मी विचारले, "गंगव्वा आत्या कशानं गेल्या?"

"पटकीनं," दोड्डप्पा म्हणाले.

पाणी प्यायला मी आत गेले तेव्हा काकूंना तेच विचारले. "साप डसला बाई," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

एका मृत्यूची दोन कारणे ऐकल्यावर प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही.

शेत गावाबाहेर ओढ्याच्या वरच्या अंगाला होते. तिथे दोन दगडी कट्टे होते: एक आजोबांचा, दुसरा थोडा दूर, गंगव्वाचा. ज्या वाचकांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात मृताला जाळत नाहीत. पुरुषभर खोल खड्ड्यात मांडी घालून बसवतात. प्रत्येकाला जन्मल्यावर मिळालेले इष्टलिंग तो आयुष्यभर गळ्यात बाळगतो आणि रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजतो. तेच लिंग मृताच्या डाव्या तळहातावर ठेवतात, भोवती विभूती, बेल आणि मीठ घालतात आणि खड्डा भरतात. मी गंगव्वाच्या कट्ट्यावर बेल वाहिला. दोड्डप्पा हात न जोडता बाजूला उभे होते. मी त्याची नोंद घेतली.

दोन दिवस मी सगळे शिवार मोजले. बहुतेक ठिकाणी खाली नुसता काळा पाषाण. एकाच रेषेत आकडे खाली येत होते, म्हणजे खडकात भेगांचा पट्टा होता, आणि तो पट्टा दोन्ही बाजूंनी गंगव्वाच्या कट्ट्याकडे जात होता. वाडीला टँकर दोन दिवसांआड येई, तोही ओढ्याअलीकडेच थांबे. मी दोड्डप्पांना सांगितले की बोअरची जागा कट्ट्याखाली आहे.

"दुसरीकडं बघ."

"दुसरीकडे पाणी नाही."

"तर नसू दे. तिथं माझी बहीण हाय. समाधीवर तारा वडायच्या न्हाईत, सांगून ठिवतो."

बोलणे योग्य होते. आवाज योग्य नव्हता. दुःखात माणूस वर पाहतो किंवा खाली. ते माझ्या यंत्राकडे पाहत होते.

त्या संध्याकाळी गफूरभाई चहाच्या टपरीवरून एक बातमी घेऊन आले. "मॅडम, एक बुड्ढा बोल्या, बसवणप्पा की भैन के नाम से घर के सब लोगां नहाये थे, कते."

मी चमकले. लिंगायतांत सुतक नाही. माणूस लिंगाशी एकरूप झाला असे आम्ही मानतो. त्याच्या नावाने आंघोळ करून विटाळ फेडण्याचा प्रश्नच येत नाही. इकडे कुणाच्या नावाने घरादाराने आंघोळ केली, तर त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो: तो माणूस जिवंत आहे आणि घराने त्याला तोडले आहे. आजोबांनी रागाच्या भरात शेजाऱ्यांची रीत उचलली होती आणि तिथेच त्यांची चूक झाली होती.

कट्ट्याभोवती

दुसऱ्या दिवशी जळकोटचा बाजार. दोड्डप्पा कडबा पाहायला गेले. मी कट्ट्याला न शिवता त्याच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या. मोजमाप तरीही मधल्या जमिनीचेच होते. काकू भाकरी घेऊन आल्या आणि बांधावर बसल्या. मला वाटले, आता ओरडतील.

"घे काय घ्यायचं ते माप," त्या म्हणाल्या. "ते बाजारातनं यायच्या आत उरक."

याचाही मला संशय आला, परंतु हाती आलेली वेळ मी वाया घालवली नाही.

तर्क असा होता. खड्डा खणून भरला असेल तर वरची जमीन मोकळी असली पाहिजे, आणि मिठामुळे विजेला फारच कमी अडवणारी. गंगव्वाच्या कट्ट्याखाली आकडा शेजारच्या कोऱ्या जमिनीएवढाच आला: घट्ट, कोरडा, कधी न हललेला मुरूम. इतक्या वर्षांत मीठ धुऊन गेले असेल, अशी शंका मीच काढली. म्हणून तीच मांडणी आजोबांच्या समाधीवर केली. तिथे काटा झपकन खाली आला. मग पुन्हा गंगव्वाच्या कट्ट्यापाशी येऊन खुंट्या दूर दूर नेल्या, आणि खोलवरचा आकडाही उतरू लागला.

मी काकूंना म्हटले, "वर कोणी नाही. खाली पाणी आहे."

काकूंनी पदराने तोंड पुसले. "वर कुणी न्हाई, हे सांगायला इतक्या तारा लागल्या व्हय गं तुला? मला इचारायचं."

मी यंत्र बंद केले. पुढचे त्यांनी सांगितले. त्या तेव्हा नव्या नवरी होत्या.

दर हिवाळ्यात एक पिंजारी कुटुंब वाडीत येई आणि घरोघर गाद्यांचा कापूस पिंजून देई. त्यांचा तरुण मुलगा हुसेन ओसरीवर धनुकली लावून बसला की दिवसभर तिचा घुमता आवाज आणि उडणारा कापूस. गंगव्वा त्याच्यासमोर सरकी निवडत बसे. "बोलत न्हवती दोघं. पण त्येचा कापूस तिच्या केसात, अन् ती झाडायची न्हाई." रझाकारांच्या भीतीने घर बार्शीला गेले, तेव्हा मागे राहिलेल्या जनावरांना चारापाणी हुसेनने केले. मग फौजा आल्या, राजवट गेली आणि वारे उलटले; आता पळायची पाळी त्याच्या माणसांवर आली. घर परतले तेव्हा हुसेन त्याच घराच्या कडब्याच्या गंजीमागे लपलेला होता. गंगव्वा त्याला भाकरी नेऊन देत असे. वाट मोकळी झाल्यावर ती बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, मी याच्यासंगं जाते.

"मामंजींनी हाणलं न्हाई. तिच्या गळ्यातलं लिंग काढून घेतलं. म्हणले, आता जा. लिंग ह्यांच्या हातात दिलं, रानात पुरून वर कट्टा बांध म्हणले. गावाला सांगितलं, मेली."

"आता कुठे आहेत त्या?"

काकूंनी आधी रस्त्याकडे पाहिले. "अर्धापूरला. माळेगावच्या जत्रंत दिसली हुती मला. म्या वळखलं, तिनंबी वळखलं. बोललो न्हाई."

दोड्डप्पा कट्टा फोडू देत नव्हते याचे कारण मला आता लख्ख दिसले. बहीण जिवंत आहे असे उघड झाले आणि शेताला पाणी लागले, तर उद्या तिची मुले जमिनीत हिस्सा मागतील. तर्क सुसंगत होता. कुठेही फट नव्हती.

अर्धापूर

रविवारी आम्ही कंधारवरून नांदेडला आणि गोदावरी ओलांडून अर्धापूरला गेलो. दिवसभर करडी जमीन पाहिलेल्या डोळ्यांना केळीच्या बागांचा हिरवा रंग प्रथम खोटा वाटला. विहिरींना पाणी होते, पाट वाहत होते, आणि बागेतली माणसे हात धुताना पाण्याकडे पाहतसुद्धा नव्हती. इतक्याशा अंतरावर! गफूरभाईंनी जीपला पोटभर पाणी पाजले. "पी ले रानी, इधर कोई हिसाब नै पूछता."

पत्ता सापडायला वेळ लागला नाही. हुसेन पिंजाऱ्याची बायको म्हटल्यावर सगळे बोट दाखवत. बागेच्या कडेला पत्र्याचे घर, अंगणात केळीची पाने वाळत घातलेली. बाई छप्पन्नच्या आसपासची, ताठ, बांगड्यांशिवायचे हात. मी वडिलांचे नाव सांगितले. ती दारातून हलली नाही.

"अंगठा घ्यायला आलीस?"

"कसला अंगठा?"

"हिस्सा सोडला म्हणून. बसवण्णानं पाठीवलं ना? शिकलेली पोरगी पाठीवली, म्हंजे म्हातारी फसंल."

"मला कोणी पाठवलं नाही. दोड्डप्पांना माहीतही नाही."

"मंग तर आणिकच वंगाळ," ती म्हणाली, आणि गफूरभाईंकडे वळली. "भाईसाब, तुम सच बोलो. ये छोकरी कौन है?"

गफूरभाईंनी टोपी काढली. "अम्मा, इने मुर्दे ढूंढने की मशीन लेके फिरती. तुमारी समाधी में कोई नै निकल्या, करके तुमकू ढूंढने आई."

ती हसली. दारातून बाजूला झाली ती त्यानंतर.

घरात हुसेनची धनुकली खुंटीला टांगलेली होती. हुसेनला जाऊन काही वर्षे झाली होती; मुलगा नांदेडला मोटारी दुरुस्त करत होता. तिने आम्हाला केळीच्या पानावर गरम भाकरी आणि कच्च्या केळीची भाजी वाढली. स्वतः जेवण्यापूर्वी ती भिंतीकडे तोंड करून बसली, डावा तळहात समोर धरला आणि त्या रिकाम्या हाताकडे एकटक पाहत राहिली. उजव्या हाताची बोटे त्यावर काहीतरी वाहत होती. मी घरी रोज पाहिलेली पूजा होती ती. लिंग तेवढे नव्हते.

"रोज करता?"

"हाव. नमाज त्येचा, लिंग माहं. त्येनं कधी इचारलं न्हाई, म्या कधी सोडलं न्हाई."

मी बोअरविषयी सांगितले, आणि कट्ट्याविषयीही. ती भाकरी मोडत राहिली.

"मला जमीन नगं," ती शेवटी म्हणाली. "फोडा तो कट्टा. पण त्यात माहं लिंग हाय, ते काढून दे म्हणावं. घरधन्याला त्येच्या रीतीनं निजवला, म्या सोता माती दिली. मी मेल्यावर मला बसवतील, पोरानं कबूल केलंय. पण हातावर काय ठिवतील, सांग?"

एवढ्या लहान वस्तूचा ठाव माझ्या यंत्राला लागत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितले.

"तर मीच येते," ती उठत म्हणाली. "शिवू कसा हाय? भेंडीची भाजी खातो का आता?"

बाबा भेंडी खात नाहीत. मी तसे सांगितले. तेव्हा कुठे माझ्याविषयीचा तिचा संशय पुरता फिटला.

पुन्हा शेतात

दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीत पोचलो तेव्हा दोड्डप्पा शेतातच होते. खोदाईची गाडी जळकोटला येऊन थांबली होती आणि वाडीतली माणसे बांधावर जमली होती. जीप उभी राहिली.

"कोण हाय आत?" त्यांनी विचारले.

"ज्यांची समाधी आहे त्या."

गंगव्वा खाली उतरली नाही. जीपच्या दारात पाय सोडून बसली.

"अण्णा, बेल वाहायला आले. माझ्याच कट्ट्यावर. चालंल का?"

दोड्डप्पा बांधावर बसले. म्हातारी माणसे एकमेकांकडे पाहत होती, पण कोणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. त्या वाडीत हे गुपित फक्त तरुणांपासून होते.

"मला जमीन नगं, पाणी नगं," गंगव्वा म्हणाली. "माझं लिंग काढ, मग खुशाल मशीन लाव."

गफूरभाईंनी जीपमधली पहार काढून पुढे धरली. दोड्डप्पांनी ती घेतली नाही.

"न्हाई त्यात."

माझा पुढचा तर्क तयारच होता: लिंगाची डबी चांदीची असते; कधीतरी ती विकली असणार. मी तो बोलून दाखवण्याच्या बेतात होते. दोड्डप्पांनी सदऱ्याच्या गुंड्या काढल्या, गळ्यातली चांदीची डबी बाहेर घेतली आणि उघडली. आत रेशमी कपड्यात गुंडाळलेली दोन लिंगे होती.

"बाप म्हणला, पूर. खड्डा उकरायला वाकलो, पण हात झाला न्हाई. नुसत्या भुईवर कट्टा रचला. अडतीस वर्सं झाली, दोघांची पूजा करून राहिलो." त्यांनी डबीवर हात ठेवला. "दोन लिंगं एका गळ्यात ठिवत न्हाईत. कुणाला सांगणार? कट्टा फोडला असता तर खाली कायबी न्हाई हे दिसलं असतं, अन् गाव म्हणलं असतं, बापाचा शबूद मोडला."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "आवं, म्हणून दार लावून पूजा करत हुता व्हय! म्या म्हणते, ह्यांना इतका येळ कशाला लागतोय."

कोणीतरी हसले, मग दोघे-तिघे. दोड्डप्पा उठून जीपपर्यंत गेले. लिंग त्यांनी बहिणीच्या डाव्या तळहातावर ठेवले आणि हात लगेच मागे घेतला.

तिने लिंग अंगठ्याने पुसले. मग म्हणाली, "पाणी कोण घालत हुतं ह्याला?"

"मीच."

"आज मला घालू दे."

काकूंनी घागरीतून तांब्या भरला. टंचाईच्या दिवसांत पहिल्यांदाच मी काठोकाठ भरलेला तांब्या पाहिला. गंगव्वाने लिंगावर धार धरली. पाणी तिच्या मनगटावरून जीपच्या पायरीवर आणि पायरीवरून मातीत गेले, आणि बांधावरच्या बायकांपैकी एकीनेही "पुरे" म्हटले नाही.

माझा हिश्शाचा तर्क चुकला होता. त्याचा विचार करायला त्या दिवशी सवड मिळाली नाही, कारण संध्याकाळपूर्वी गाडी येऊन लागली. कट्ट्याचे दगड दोड्डप्पांनी स्वतः उचलले. गंगव्वा त्या रात्री घरात राहिली. तिला कोणी राहा म्हटले नाही, काकूंनी तिचे ताट मांडले एवढेच. दुसऱ्या दिवशी दुपारी पांढरी भुकटी ओली झाली, मग चिखल झाला, मग लोखंडी नळीतून पाणी उसळले. पोरांनी अंगावर चिखल घेतला. मी खोली लिहून घेतली आणि माणसांपासून थोडी दूर जाऊन उभी राहिले. नोकरीचा विचार मनात आला, हे खरे आहे. तो पहिला आला नाही, हेही खरे आहे.

मे महिना

ही गोष्ट तारेत बसणारी नव्हती. पुण्याला परतताना मी सोलापूरला उतरले आणि बाबांना समोर बसवून सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "यंत्र नक्की बरोबर आहे ना?"

मेअखेर मला पातळी पुन्हा मोजायची होती; एप्रिलमध्ये पाणी सोळा मीटरवर होते. एकदा पाणी लागले म्हणजे ते उन्हाळा काढतेच, असे मी मानत नाही. बाबा माझ्यासोबत आले. गंगव्वा अर्धापूरहून आदल्या दिवशी येऊन राहिली होती. ती हापशाजवळच्या बाभळीखाली बसली होती, गळ्यात नव्या दोऱ्यात डबी. बाबा तिच्यासमोर उभे राहिले. शेहेचाळीस वर्षांचे, चष्मा लावणारे, सोलापुरात चार माणसांनी नमस्कार करावा असे माझे वडील काय करावे ते न कळून चपला काढून उभे राहिले.

"शिवू, जेवलास का?" ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. होय की नाही ते मला कळले नाही. तिला कळले असावे, कारण ती फडक्यातली भाकरी सोडू लागली.

मी बायकांना थोडा वेळ हापसा थांबवायला सांगितले. "माप घेतल्यानं पाणी वाढतंय व्हय बाई?" एकीने विचारले, तरी घागर बाजूला केली. मी पंपाशेजारच्या भोकातून फीत सोडली. ती ओली होऊन वर येईपर्यंत मागून दोघांच्या खाण्याचा आवाज येत होता, बोलण्याचा नाही. मी वळून पाहिले नाही. फितीवरची ओली खूण वाचली आणि लिहिली:

जमिनीपासून पाणी, १७.३५ मीटर.